कपाटामागचा सॉकेट आणि न बसणारा प्लग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरातल्या आमच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक हल्ली मोबाईलमध्ये फोटो घेऊनच येतं. फोटोत भिंत असते, भिंतीला लागून कपाट किंवा फ्रिज असतो आणि मधल्या चिंचोळ्या फटीत कुठेतरी सॉकेट असतो. "ह्यात बसंल असा प्लग द्या" एवढीच मागणी. काउंटरवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच प्रश्न येतात म्हणून ते एकत्र लिहून काढले. खाली 'प्लग' म्हणजे वायरच्या टोकाची थ्री पिन किंवा टू पिन, आणि 'सॉकेट' म्हणजे भिंतीतला भोकांचा भाग.

१. बेडचा हेडबोर्ड बरोबर सॉकेटसमोर आलाय. भिंत आणि बेड यांच्यात किती जागा सोडू?

लोक फक्त प्लगची जाडी मोजतात आणि तिथेच फसतात. प्लगमधून बाहेर पडलेली वायर वळायलाही जागा लागते. सरळ मागे वायर निघणाऱ्या साध्या प्लगला वळणासकट बहुतेक वेळा सात-आठ सेंटिमीटर लागतात. १६ अँपच्या जाड तीन पदरी वायरला त्याहून जास्त. चपट्या प्लगला तीन-चार सेंटिमीटर पुरतात.

आकड्यांवर विसंबू नका, मोजून घ्या. स्विच बंद ठेवून प्लग पूर्ण आत दाबा, वायर आपसूक जशी खाली वळेल तशी वळू द्या आणि भिंतीपासून वळणाच्या सगळ्यात पुढच्या टोकापर्यंत पट्टी लावा. त्यात बोटभर जास्त धरा, कारण बेड सरकतो. पोरं उड्या मारतात, झाडताना धक्का लागतो आणि दर वेळी बेड भिंतीकडे थोडा जातोच. बेडच्या मागच्या पायाला भिंतीकडून लाकडाचा ठोकळा लावला की हा प्रश्न कायमचा मिटतो.

२. चपटा प्लग मागायचा तर दुकानात काय म्हणून मागू?

"साइड एन्ट्रीचा थ्री पिन टॉप" किंवा "फ्लॅट थ्री पिन" म्हणा, पुढे ६ अँप की १६ अँप ते सांगा. आयएसआय मार्क बघा (आपल्याकडे प्लग-सॉकेटचं मानक आयएस १२९३ आहे). पिना पितळेच्या आणि घट्ट असाव्यात, हलवल्यावर खुळखुळणाऱ्या नकोत.

एक गोष्ट जवळपास कुणीच बघत नाही, ती म्हणजे वायर कुठल्या बाजूने बाहेर पडते. आपल्या सॉकेटात अर्थचं मोठं भोक वर असतं, त्यामुळे बहुतेक चपट्या प्लगची वायर खाली जाते. सॉकेट ओट्याच्या किंवा स्कर्टिंगच्या अगदी वर असेल तर ती खाली अडते आणि प्लग वर उचलला जातो. अशा जागी वायर आडवी निघणारा प्लग हवा. म्हणून सॉकेटचा फोटो काढताना जवळून नको, खालची फरशी आणि बाजूची चौकट दोन्ही दिसू द्या.

३. प्लग पूर्ण आत जात नाही, दोन-तीन मिलिमीटर बाहेर राहतो. पण चालू तर आहे. मग बिघडलं काय?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच.

पिन आणि आतली पितळी पट्टी यांचा संपर्क अर्धवट राहिला की त्या जागी रोध वाढतो. समजा तो फक्त ०.१ ओहम झाला. मोबाईल चार्जर लावलात तर काहीच जाणवणार नाही, कारण प्रवाह नगण्य आहे. पण त्याच सॉकेटातून १० अँपिअर ओढले तर उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: १० × १० × ०.१ म्हणजे १० वॅट. वाचायला आकडा लहान वाटतो, पण ही उष्णता शेंगदाण्याएवढ्या जागेत, बंद प्लास्टिकच्या आत आणि तासन्‌तास साठते. तापल्याने पट्टीचा ताण जातो, ताण गेला की संपर्क आणखी सैल होतो आणि सैल झाला की आणखी तापतो.

एमसीबी (मेन बोर्डातला, प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) हे पकडत नाही. एमसीबीला जास्तीचा प्रवाह कळतो, सैल संपर्क कळत नाही. आरसीसीबी, म्हणजे शॉकपासून वाचवणारा स्विच, विजेची गळती पकडतो, त्यालाही हे दिसत नाही. म्हणजे "ट्रिप होत नाही म्हणजे सगळं ठीक" हा हिशेबच चुकीचा.

दुसरा धोका उघड्या पिनेचा. नव्या पुष्कळ प्लगांच्या फेज-न्यूट्रल पिनांना बुडाशी प्लास्टिकचं आवरण असतं, जुन्यांना नसतं. अर्धवट बसलेल्या जुन्या प्लगच्या फटीत लहान मुलाचं बोट किंवा वरून पडलेली हेअरपिन सहज जाते.

प्लग काढून बघा. सॉकेटचं तोंड पिवळं-तपकिरी पडलंय, पिना काळवंडल्यात, जळक्या प्लास्टिकचा वास येतो किंवा चालू असताना चरचर आवाज येतो, यातलं एक जरी दिसलं तरी प्लग आणि सॉकेट दोन्ही बदला. एकच बदलून उपयोग नाही, जळकी पिन नवा सॉकेटही खराब करते.

४. स्वयंपाकघरात जुन्या टाइलवर नवी टाइल बसवली. तेव्हापासून मिक्सरचा प्लग नीट बसत नाही. सॉकेट बिघडला का?

सॉकेट तोच आहे, भिंत पुढे आली आहे. टाइल आणि चिकटवायचा थर मिळून भिंत सेंटिमीटरभर जाड झाली, सॉकेटची प्लेट मात्र जुन्या जागी, म्हणजे आता खड्ड्यात. प्लगचा रुंद भाग टाइलच्या कडेला अडतो आणि पिना पूर्ण आत पोचत नाहीत. पुढे काय होतं ते प्रश्न ३ मध्ये आहे.

उपाय सोपा आहे. मेन बंद करून प्लेट उघडायची, बॉक्स पुढे घ्यायचा किंवा लांब स्क्रू आणि मध्ये पॅकिंग घालून फ्रेम टाइलच्या पातळीला आणायची. टाइल बसवणारा हे करत नाही. तो म्हणतो हे वायरमनचं काम, वायरमनला कुणी बोलावतच नाही. काम सुरू व्हायच्या आधीच दोघांची गाठ घालून दिलेली बरी. प्लगची बाजू तासून तो खड्ड्यात बसवणारे लोकही आम्ही पाहिलेत. ते करू नका, प्लगच्या आत वायरचे स्क्रू असतात.

५. दोन सॉकेट शेजारी आहेत. एकात चार्जर लावला की दुसरा झाकला जातो. काय करू?

चार्जर टू पिनचा असेल तर आधी उलटा लावून बघा. ठोकळा बहुतेक पिनांच्या एका बाजूलाच जास्त असतो, त्यामुळे १८० अंशांत फिरवला की शेजारी मोकळा होतो. टू पिन चार्जरला फेज-न्यूट्रलची अदलाबदल चालते.

एवढ्यावर जमलं नाही तर हातभर वायरचा, एकाच सॉकेटचा चांगला एक्स्टेंशन घ्या, ठोकळा त्यावर लावा. कायमचा उपाय हवा असेल तर प्लेट बदला. मॉड्युलर बोर्डात दोन सॉकेटच्या मध्ये एक डमी मॉड्युल टाकलं की अंतर मिळतं. नवं घर बांधताना तर हे सांगूनच ठेवा. वायरमन सगळी बटणं एका बाजूला आणि सगळे सॉकेट एका बाजूला गर्दीने लावतो. सॉकेट, बटण, सॉकेट, बटण असा क्रम दिला तर फुकटात जागा मिळते.

६. त्यापेक्षा तीन तोंडांचा मल्टिप्लग लावला तर?

मोबाईल आणि टेबल लॅम्प एवढ्यासाठी चालेल. इस्त्री, हीटर, इंडक्शन यांच्यासाठी नाही. मल्टिप्लग भिंतीपासून आणखी चार-पाच सेंटिमीटर पुढे येतो, म्हणजे जागेची अडचण वाढते. त्याला लटकलेल्या वायरांचं वजन तरफेसारखं खाली ओढतं आणि वरची पिन सॉकेटातून सुटत जाते. शिवाय तीन तोंडं असली तरी मागचा सॉकेट एकच, ६ अँपचाच. तिन्हींची बेरीज ६ अँपच्या आत, म्हणजे २३० व्होल्टला १३८० वॅटच्या आत राहिली पाहिजे.

७. काका, इंडक्शनचा जाड प्लग साध्या सॉकेटात जात नाही. जाड-बारीक कन्व्हर्टर मिळतो, तो लावू का?

कन्व्हर्टर मिळतो हे खरं, आणि आम्ही तो या कामासाठी देत नाही हेही खरं. जाड पिना मुद्दाम जाड केलेल्या असतात. ६ अँपच्या प्लगच्या फेज-न्यूट्रल पिना सुमारे ५ मिलिमीटर जाडीच्या, १६ अँपच्या सुमारे ७ मिलिमीटरच्या. मोठं उपकरण छोट्या सॉकेटात जाऊच नये हाच त्यामागचा हेतू.

हिशेब करून बघा. २००० वॅटचं इंडक्शन किंवा गीझर साधारण ८.७ अँपिअर घेतं, ३००० वॅटचा गीझर १३. दोन्ही ६ च्या वर. घरघंटीची एक हॉर्सपॉवरची मोटर चालताना कमी घेते, पण सुरू होताना क्षणभर कितीतरी पट ओढते, म्हणून तीही १६ वरच लावायची. १००० वॅटची इस्त्री ४.३ अँपिअर घेते, ती साध्या सॉकेटवर चालते. ७५० वॅटचा मिक्सरही, कांदा-लसूण चटणीचा घाणा घातलात तरी.

१६ चा सॉकेट नसेल तर नुसता सॉकेट बदलूनही भागत नाही. मागची वायर किमान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची हवी. लाइट-पंख्याच्या १.५ च्या वायरवर १६ चा सॉकेट बसवणं म्हणजे कन्व्हर्टरचाच धोका भिंतीच्या आत लपवणं.

८. उलटं चालतं का? साधा बारीक प्लग १६ च्या सॉकेटात?

ज्या सॉकेटवर ६ आणि १६ दोन्ही आकडे छापलेत आणि दोन्ही मापांची भोकं आहेत, त्यात चालतं. फक्त १६ च्या सॉकेटात भोकांमधलं अंतरच वेगळं असतं (साधारण २५ मिलिमीटर, ६ अँपला १९), त्यामुळे बारीक प्लग जायला नको. जात असेल तर आतल्या पट्ट्या फाकल्या आहेत. आधी तो सॉकेट बदला.

एक बारीक मुद्दा: दुहेरी सॉकेटच्या मागे १६ किंवा २० अँपचा एमसीबी असतो. छोट्या उपकरणाची पातळ वायर त्याच्या भरवशावर सुरक्षित राहत नाही. वायर कपाटाखाली चेपलेली असेल तर जास्तच काळजी घ्या.

९. वरची जाड पिनच अडते. ती कापून टाकली तर उपकरण चालतं म्हणे?

चालतं. फ्रिजच्या पत्र्यात फेज उतरला तरीही चालतच राहतं, आणि पुढचा हात लावणारा माणूस अर्थिंगचं काम करतो.

ती पिन लांब यासाठी की प्लग घालताना अर्थ आधी जोडला जावा आणि काढताना शेवटी सुटावा. जाड यासाठी की ती चुकून फेजच्या भोकात जाऊ नये. पिन अडत असेल तर सॉकेटात कचरा, रंग किंवा वाळलेलं सिमेंट आहे का बघायला वायरमन बोलवा. घर रंगवल्यावर ही तक्रार हमखास येते. मुळातच टू पिनची येणारी उपकरणं वेगळी: त्यांच्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असते, त्यांना दुहेरी इन्सुलेशन असतं आणि अर्थ लागत नाही.

१०. नव्या सॉकेटात टू पिन जातच नाही. वरच्या भोकात पेनाचं टोक दाबलं की जाते. असं करू का?

नको. भोकांमागे मुलांच्या सुरक्षेसाठी पडदा असतो. काही सॉकेटात तो अर्थची लांब पिन आत गेल्यावर उघडतो, काहींत दोन्ही पिना एकदम सारख्या दाबल्यावर. पेन, स्क्रू ड्रायव्हर घालून तो उघडणं म्हणजे घरातल्या मुलाला युक्ती शिकवणं, आणि मूल पेनाऐवजी खिळा घेईल. आधी दोन्ही पिना सरळ रेषेत, न तिरपवता दाबून बघा. नाहीच गेली तर त्या जागी टू पिनसाठी वेगळी भोकं असलेला सॉकेट बसवा.

११. कंपनीचा मोल्डेड (वायरसकट एकसंध ओतलेला) प्लग लांबलचक आहे. तो कापून चपटा लावता येईल का?

येतो, पण वॉरंटीचं कार्ड आधी वाचा. काही कंपन्या वायर कापली की हात वर करतात. वॉरंटीतलं उपकरण असेल तर आमचा सल्ला सॉकेट हलवण्याचा.

कापायचंच ठरलं तर: तपकिरी किंवा लाल वायर फेज, निळी किंवा काळी न्यूट्रल, हिरवी किंवा हिरवी-पिवळी अर्थ. प्लगच्या आत एल, एन, ई अशी अक्षरं असतात, त्याप्रमाणेच जोडा. अर्थची वायर आत थोडी सैल, लांब ठेवा. वायरला हिसका बसला तर ती शेवटी सुटली पाहिजे. तारांचे सगळे पदर पिळून स्क्रूखाली घ्या, एकही बाहेर राहू देऊ नका. शेवटी वायरच्या बाहेरच्या आवरणावर पकडपट्टी घट्ट करा. ती ढिली ठेवणं ही घरगुती कामातली सगळ्यात जास्त दिसणारी चूक. कापलेला जुना प्लग पिना वाकवून मगच कचऱ्यात टाका, नाहीतर मूल तो सॉकेटात घालून बघतं.

१२. फ्रिज भिंतीला लावला की प्लग दबतो. फ्रिज किती पुढे घ्यायचा?

फ्रिजला मागे हवाही लागते, ते अंतर कंपनीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. तेवढं सोडलंत तर चपटा प्लग बहुधा आपोआप बसतो. पण मला विचाराल तर फ्रिजचा सॉकेट फ्रिजच्या मागे असूच नये. काही जळका वास आला तर फ्रिज ओढून मग स्विच शोधणार का? तो बाजूला, हात पोचेल अशा उंचीवर हवा. स्टॅबिलायझर असेल तर त्याची जागाही तिथेच धरा.

१३. टीव्ही भिंतीला अगदी चिकटून हवाय, मागे सॉकेट आहे.

सॉकेट ब्रॅकेटच्या मधोमध नको, टीव्हीच्या कडेजवळ पण आत लपेल असा घ्या. वायर खाली निघणारा चपटा प्लग लावा (प्रश्न २). सेट-टॉप बॉक्सचा अ‍ॅडॅप्टर टीव्हीमागे कोंबू नका, तो खालच्या युनिटमध्ये न्या.

१४. कपाटाच्या मागच्या फळीला भोक पाडून सॉकेट आत घेतला तर?

चांगला उपाय आहे, सुताराला नीट सांगितलं तर. भोक प्लेटपेक्षा चारी बाजूंनी दोन-अडीच सेंटिमीटर मोठं हवं, म्हणजे बोटं जातात आणि प्लग सरळ धरून ओढता येतो. प्लायच्या कडेवरून वायर जाणार असेल तर तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारं कडं) घाला. त्या कप्प्यात कपडे, कागद ठेवू नका. एक्स्टेंशनच्या उरलेल्या वायरचं भेंडोळं करून आत कोंबणं किंवा वायर गादीखालून नेणं टाळा, गुंडाळलेली वायर तापते.

१५. आमचा शिवाजी पेठेतला जुना वाडा. मातीची भिंत, वर लाकडी बोर्ड आणि समोर देवघराचं कपाट. भिंत फोडायची नाही.

फोडूही नका, मातीच्या भिंतीत बॉक्स धरत नाही. केसिंग-केपिंगची (वायर झाकणारी, झाकणाची) पट्टी भिंतीवरून फिरवून सरफेस बॉक्स मोकळ्या जागी घ्या. लाकडी बोर्ड मात्र काढाच. ओल धरतो, वाळवी लागते, आणि जुन्या गोल सॉकेटांच्या पट्ट्या तोवर थकलेल्या असतात. आणि आधी एकदा वाड्यात अर्थिंग आहे का ते तपासून घ्या. तिसरं भोक दिसतं, पण मागे वायरच नाही, असं जुन्या घरांत पुष्कळदा निघतं.

१६. आमच्या भागात पुराचं पाणी येतं. खालचे सॉकेट वर घेतले तर फर्निचरमागे दडतात. काय करावं?

सुतारवाडा, दुधाळी, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, इकडून हा प्रश्न २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर सारखा येतो. सॉकेट वरच घ्या आणि फर्निचर त्याप्रमाणे लावा, उलटं नको. तळमजल्याच्या सॉकेटांसाठी वेगळा एमसीबी करून घेतला तर वरचा मजला चालू ठेवून खालचा बंद करता येतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागली की खालचे प्लग काढा आणि तो एमसीबी पाडा. ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट बघू नका. पाणी घरात शिरल्यावर ओल्या पायांनी बोर्डाला हात लावायचा नाही, पुरवठा बंद करायला महावितरणला कळवा.

पाण्याखाली गेलेला सॉकेट वाळवून वापरू नये. बाहेरून स्वच्छ दिसला तरी आत गाळ बसतो आणि पट्ट्या गंजतात. बदलायचाच.

१७. भाड्याचं घर आहे, मालक बोर्डाला हात लावू देत नाहीत.

मग भिंतीवर टांगता येणारा, स्वतःचा स्विच असलेला एक्स्टेंशन बोर्ड घ्या आणि त्याचा प्लग चपटा बघा. ६ अँपच्या एक्स्टेंशनवर गीझर किंवा इंडक्शन लावायचं नाही. सॉकेट तापत असेल तर मात्र मालकांना फोटो पाठवा आणि प्रश्न ३ वाचायला द्या.

१८. मुलीने लंडनहून हेअर ड्रायर आणलाय, चपट्या तीन पिनांचा. अमेरिकेचाही एक आहे. आपल्या सॉकेटात कसे बसवू?

आधी पिना विसरा, मागचं लेबल वाचा. ब्रिटनचा ड्रायर २३० व्होल्टचाच असतो, चालेल. अमेरिकेतल्यावर फक्त १२० व्होल्ट लिहिलं असेल तर पिन जुळवूनही तो आपल्याकडे जळेल. "१००-२४०" लिहिलं असेल तरच लावा. लॅपटॉप-मोबाईलच्या चार्जरवर बहुधा ते असतं.

अ‍ॅडॅप्टरसकट हा प्लग भिंतीपासून बराच पुढे येतो आणि वजनाने झुकतो, त्यामुळे अडचणीच्या जागी तो लावूच नका. ब्रिटिश प्लगच्या आत फ्यूज असतो, म्हणून तो कापून आपला प्लग लावला तर ते संरक्षण जातं. सगळ्या देशांच्या पिना घेणारा युनिव्हर्सल सॉकेट भिंतीत बसवून घेतात काही जण. त्याची पकड कुठल्याच पिनेला धड नसते. ड्रायर इथेच नवा घ्या, स्वस्त पडेल.